लाल मुनिया, हिरवी मुनिया, पिंजरा एकच

"लाल मुनिया 'लीस्ट कन्सर्न' आहे, मग पाळली तर काय बिघडलं?" हा युक्तिवाद आता पुरे. तिची चुलतबहीण हिरवी मुनिया फक्त भारतात, मुख्यतः मध्य भारतात, तीही विखुरलेली. म्हणून आययूसीएनच्या यादीत 'व्हल्नरेबल'. लाल मुनिया पार आग्नेय आशियापर्यंत पसरलीय. म्हणजे ती जात लगेच नामशेष होणार नाही, एवढंच. ते काही पिंजऱ्याचं लायसन्स नव्हे! पूर्वी अहमदाबादहून निर्यात व्हायची, म्हणून तिचं शास्त्रीय नावच 'अमंडावा' पडलं. पकडणारे हिरवीलाही सोडत नाहीत. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तिथे लाल-हिरवा भेद नाही. आणि हो, दया येऊन विकत घेऊन सोडणं हीसुद्धा विक्रेत्याला पुढची ऑर्डरच. तेव्हा मंडळी, विकत घेऊच नका.