मांजराची वाटी आणि माणसाची भूतदया

जयपूरची भूतदया दाण्यागोट्यात दिसते. सकाळी अल्बर्ट हॉलसमोर कबुतरांसाठी धान्याचा सडा पडतो. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत अजूनही पाळणारी घरे तिथे आहेत. जोहरी बाजारात पाखरांचे इस्पितळ आहे आणि भटक्या, जखमी जनावरांसाठी क्रिस्टल रॉजर्स यांनी १९८० साली सुरू केलेली ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्थाही याच शहरातली. अशा शहरात दारी आलेल्या मांजरापुढे काय येते? दुधात कुस्करलेली पोळी. आपल्याकडे दूधभात, तिथे दूध-रोटी, एवढाच फरक.

माया खरी असते. वाटी मात्र चुकीची असते. त्या मांजराला मधुमेह झालेला असेल, तर ती वाटी रोज त्याच्या रक्तातली साखर चढवत राहते आणि इन्सुलिनने कमावलेले घालवते.

मांजर हे निसर्गतःच मांसाहारी जनावर आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर जवळजवळ नसते. जेवणातून एकदम आलेली साखर झटकन साठवण्यासाठी माणसाच्या यकृतात ग्लुकोकायनेज नावाचे विकर काम करते. मांजराच्या यकृतात ते अगदीच दुबळे असते. उलट प्रथिनांपासून साखर तयार करण्याचा त्याचा कारखाना उपाशीपोटीही चालूच राहतो. म्हणजे बाहेरून साखर आली नाही तरी मांजराचे अडत नाही, पण जास्त आली तर ती आवरायची सोय कमी. त्याला गोड चवही कळत नाही. गोडाची जाणीव देणारे एक जनुक मांजरवर्गात निकामी झाले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. रबडीच्या भांड्यात तोंड घालणारे मांजर साखरेमागे नसते, स्निग्धांशामागे असते.

याच राजस्थानात, जयपूरपासून पश्चिमेला थरच्या वाळूत, घरच्या मांजराचे जवळचे भाऊबंद राहतात. हे वाळवंटी रानमांजर उंदीर आणि वाळूतले जरबिल यांच्यावर जगते आणि पाण्याची बरीचशी गरजही शिकारीतूनच भागवते. स्वतः शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा एक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ऊर्जेतला निम्म्याहून थोडा अधिक वाटा प्रथिनांचा, उरलेला बहुतेक सगळा चरबीचा आणि पिष्टमय पदार्थांचा अवघा २ टक्के होता. गव्हाच्या पिठात सुमारे ७० टक्के पिष्ट असते. या दोन आकड्यांमध्ये सगळी गोष्ट आली.

मांजराचा मधुमेह बहुधा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. लठ्ठ, उतारवयातल्या आणि नसबंदी झालेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही त्याला निमित्त होतात. लक्षणे ओळखीची आहेत: पाणी फार पिणे, लघवीचे प्रमाण वाढणे, भरपूर खाऊनही वाळत जाणे, आणि पुढे मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालणे. जयपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा मांजर पाण्याच्या भांड्यापाशी सारखे दिसले तरी घरचे उन्हाळ्यावर ढकलतात. दोन-तीन महिने असेच जातात आणि नेमके हेच महिने मोलाचे असतात.

मोलाचे का, ते आकडे सांगतात. २००६ मध्ये ६३ मधुमेही मांजरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना पिष्ट कमी असलेले ओले खाद्य दिले, इतरांना मध्यम पिष्टाचे आणि भरपूर तंतूंचे. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या ६८ टक्के मांजरांची इन्सुलिनची गरज संपली होती, दुसऱ्या गटात ४१ टक्के. पुढे २००९ मध्ये कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी ५५ मांजरांचा अभ्यास मांडला. कमी पिष्टाचे अन्न, ग्लार्जिन इन्सुलिन आणि मालकांनी घरीच काटेकोरपणे केलेली साखरेची तपासणी, असा तो उपचार होता. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत तो सुरू झाला तेव्हा ८४ टक्के मांजरे इन्सुलिनमधून सुटली. उशीर झाला तिथे हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले.

माणसाच्या मधुमेहात अशी संधी इतक्या सहज हाती येत नाही. आणि तरीही घरोघरी मांजरावर लागू होते ते माणसाचेच पथ्य. घरात कुणाला तरी मधुमेह असतोच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे सांगितली. त्यामुळे गहू बंद, बाजरी सुरू; पोळीऐवजी नाचणी; दूध सायीशिवाय. आजीला जे चालते ते मांजरालाही चालेल, असा भाबडा हिशेब. बाजरी हेही पिष्टच, आणि साय काढलेल्या दुधात दुधाची साखर तशीच राहते. ‘आम्ही त्याला कधी साखर दिलीच नाही,’ असे म्हणणाऱ्या घरात मांजर दिवसाला दोन पोळ्या खात असते.

पिशवीतले कोरडे दाणेही यातून सुटत नाहीत. कोरड्या खाद्यानेच मधुमेह होतो, असे सरसकट म्हणता येत नाही. त्याबाबतचे अभ्यास एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पण आजार झाल्यावर कमी पिष्टाचे पारडे जड आहे. पिशवीवर पिष्टाचा आकडा बहुधा छापलेला नसतो, तो काढावा लागतो. प्रथिने ३२, चरबी १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८ अशी टक्केवारी असेल, तर शंभरातून उरले ३६. हे पिष्ट. म्हणजे मांजराला मिळणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ ४० टक्के वाटा. ओल्या पाउचमध्ये हाच वाटा अनेकदा बराच कमी येतो. काही ग्रेव्हींत मैदा-स्टार्च असतो, म्हणून पाउच घेतानाही आकडेमोड करावी.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. इन्सुलिन चालू असताना वाटीतले पिष्ट एकाएकी काढले, तर साखर काही दिवसांतच खाली येते आणि जुना डोस जीवघेणा ठरू शकतो. मांजर झोकांड्या खाऊ लागले, झटके आले, तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठावा. ग्लार्जिन दर मिलिलिटरला १०० युनिटचे असते, पण ४० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंजही आपल्या औषध दुकानांत मिळते. चुकून तीच वापरली, तर डोस फारच जास्त जातो. नवे अन्न नाकारले म्हणून लठ्ठ मांजराला दोन-तीन दिवस उपाशी ठेवले, तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. मूत्रपिंडे अधू असतील तर प्रथिनांचे गणित वेगळे. म्हणून बदल हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

राहिला धर्माचा प्रश्न. सरकारच्या नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१४च्या पाहणीत राजस्थानातले सुमारे ७५ टक्के लोक शाकाहारी निघाले, देशात सर्वाधिक. त्यांच्या व्रताचा मान ठेवूनच हे म्हणावे लागते की ते व्रत मांजराने घेतलेले नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला निसर्गतः प्राण्यांच्या मांसातूनच मिळते. ते कमी पडले की हृदय फुगून दुबळे होते, हे पॉल पायन यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. पाउच घरात शिजवावे लागत नाही. व्हरांड्यात वेगळी वाटी ठेवून स्वयंपाकघराचा सोवळेपणा जपता येतो. एवढेही ज्यांना मनापासून जड जाते, त्यांनी मांजर दत्तक घेण्याआधीच थांबावे. कबुतरांना दाणे घालण्यातही पुण्य आहेच.

जयपूर असो की पुणे, मांजर अचानक जास्त पाणी पिऊ लागले तर ऋतूला दोष देऊ नका. तीन दिवस त्याने काय आणि किती खाल्ले, ते कागदावर लिहा. तो कागद घेऊन दवाखान्यात जा आणि रक्ताबरोबर लघवीही तपासायला सांगा, कारण दवाखान्याच्या भीतीनेही मांजराची साखर चढते. शंका उरली तर फ्रुक्टोसामिनची चाचणी मागा. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते.