काकांचा बंदा रुपया

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मिळालेली चिल्लर तुम्ही शेवटची कधी नीट बघितली? आता तर मेथीची जुडीसुद्धा क्यूआर कोडवर मिळते, त्यामुळे चिल्लरच हातात येत नाही म्हणा. पण याच भागात सत्तरी ओलांडलेले एक काका राहतात, ते बघतात. गेली साठ-पासष्ट वर्षं बघतायत. (नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. घरात नाण्यांच्या पेट्या आहेत हे गल्लीला कळायला नको.)

सुरुवात झाली १ एप्रिल १९५७ ला. दशमान पद्धत आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होणार, मग तो पाव पैसा कुणाचा, यावर मोठी माणसं हुज्जत घालत होती. आठ वर्षांचे काका मात्र भोकाचे पैसे खिशात टाकत होते. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला सरकारने १९४३ पासून पाडलेलं ते नाणं!

‘‘कलेक्शन किती लाखांचं?’’ मी टिपिकल प्रश्न टाकला.

‘‘पोरी, सगळे पहिले हेच इचारतात,’’ म्हणाले आणि एक छोटं पाकीट उघडलं. आत चांदीचा जाडसर, वेडावाकडा रुपया. नागपूरकर भोसल्यांचा. पण त्यावर फारसी अक्षरं, आणि नाव मोगल बादशहा अहमदशाहचं. हा बादशहा १७५४ मध्येच गादीवरून गेला, तरी भोसले त्याच्याच नावाने रुपये पाडत राहिले. सत्ता आपली, नाव दिल्लीचं. बाजारात लोकांना सवयीचा छाप हवा असतो. ब्रँडिंगचा फंडा तेव्हाही तोच होता, बॉस! या नाण्यांवर प्रशांत कुलकर्णी यांनी पुस्तकच लिहिलंय. काकांच्या प्रतीची पानं सुटी झालीत.

१८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. अशी किती नाणी वितळली त्याचा हिशेब नाही, आणि ते अजून चालूच आहे. आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया सराफाकडे जातो, काट्यावर ११.६६ ग्रॅम भरतो, चांदीच्या भावात मोडला जातो. भोसल्यांचा असला तरी तसाच. त्याआधी लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासलेला असतो, ते वेगळंच. ‘‘घासला का संपला,’’ काका म्हणतात. अक्षरं झिजतात, जुना रंग जातो आणि जाणकार ते नाणं हातात धरत नाही. तेव्हा प्लीज, चमकवू नका!

आणि त्या ‘जुनी नोट द्या, लाखो कमवा’वाल्या मेसेजेसना भुलू नका. आपल्या नावाने असे पैसे उकळले जातात, हे रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलंय. नोटबंदीतल्या पाचशे-हजाराच्या आठवणी जपल्या असतील तर मोजून घ्या. २०१७ च्या कायद्याने दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस. त्यापुढे किमान दहा हजार दंड. काकांकडे चौदा आहेत.

मग पुढे काय? मुलगी न्यू जर्सीत. तिला न्यायची खूप इच्छा आहे, पण शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा पुण्यात आयटीत. तो म्हणतो, ‘‘बाबा, वजनावर देऊन टाका ना.’’ हे सांगताना काका हसले, पण पाकीट लगेच बंद केलं.

अजब बंगल्याला द्या, मी सुचवलं. १८६३ पासूनचं म्युझियम आहे आपलं. ‘‘देईन ना. पण तिथं हातात कोण घेऊ देईन?’’

सध्या ते रोज दुपारी एकेका पाकिटावर लिहितात: नाणं कुणाचं, कुठे मिळालं, कितीला घेतलं. बारीक, सुवाच्य मराठीत. साडेतीनशे झालीत. दोन पेट्या बाकी आहेत.