आधी रेघ, मग फी

पांढरकवड्याकडच्या एका गावात भरतीची पोरे तयार करणारे एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत शिरले की समोरच्या भिंतीवर गेरूच्या पाच आडव्या रेघा दिसतात. खालून वर आकडे लिहिलेत : १५०, १५५, १६३, १६५, १६८. नवा मुलगा वडिलांबरोबर आला की सर आधी त्याला चपला काढायला लावतात. टाचा, पाठ, डोके भिंतीला टेकले की सुताराचा गुण्या डोक्यावर धरून पेन्सिलने खूण करतात. मग जन्मतारीख, बारावीचा निकाल, जातीचा दाखला. फीचा विषय तोवर निघत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका बापाने आल्या आल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. पोराची खूण १६५च्या खाली दीड सेंटिमीटर उतरली. वय बावीस, म्हणजे आता वाढण्याची आशा नाही. सरांनी नोटा परत बापाच्या खिशात घालायला लावल्या. पोराला म्हणाले, "पोलिसात नाई जमत बेटा तुयं. पण हे १६३ची रेघ पाय. हे फॉरेस्टची हाय."

या अंकाचे संपादकीय त्या भिंतीवर लिहायचे ठरवले, कारण अशी भिंत आपल्यापैकी किती जणांकडे आहे, हा प्रश्न मनातून जात नाही. हे मासिक वाचणारे बहुतेक जण याच कामातले आहेत. कोणी अकादमी चालवतो, कोणी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, कोणी सैन्यातून परतून गावातल्या मुलांना पहाटे पळवतो, कोणी निवृत्त हवालदार लेखीचे वर्ग घेतो. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत पोलीस भरतीची तयारी हा आता शेतीला लागून उभा राहिलेला धंदा आहे. पऱ्हाटीच्या भावावर ज्या घराचा भरवसा उरलेला नाही, ते घर पोराच्या दोन पायांवर भरवसा ठेवते. तो पैसा आपल्याकडे येतो. म्हणून आपला हिशेब चोख असला पाहिजे.

हिशेबाचा मोठा आकडा आधी पाहू. २०२४ साली राज्यात १७,४७१ पदांसाठी भरती झाली आणि सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभराच्या आसपास. २०२५च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी १५,६३१ पदांना मंजुरी दिली, तेव्हा पुन्हा गावोगावी मैदाने भरली. निकालानंतर आपण चौकात फ्लेक्स लावतो तो शंभरातल्या एकाचा. अकादमीचे भाडे मात्र उरलेल्या नव्व्याण्णवांच्या फीवर निघते. हे कोणाला बोचेल, पण खरे आहे. त्या नव्व्याण्णवांपैकी जो पहिल्याच दिवशी बाद होता, त्याच्याकडून वर्षभर फी घेणे ही फसवणूक आहे. आपण ती हेतूने केली की टेप न लावल्यामुळे झाली, याने त्या घराला फरक पडत नाही.

म्हणून पहिले मोजमाप शरीराचे. शिपाई पदासाठी पुरुषाला १६५ सेंटिमीटर, महिलेला १५५. पुरुषाची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. राज्य राखीव पोलीस दलाला १६८. हे आकडे आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. चूक होते ती मोजण्यात. सकाळी अंथरुणातून उठलेल्या माणसाची उंची जास्त भरते. दिवसभर उभे राहिले की मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर घट दिसू शकते. ज्याची खूण सकाळी १६५.३ आहे, तो भरतीच्या रांगेत दुपारपर्यंत उभा राहिला तर काठावर येईल. त्याला हे आधी सांगा, संध्याकाळी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सतरा-अठराच्या मुलाला मात्र घाईने 'नाही' म्हणू नका. त्याची उंची सहा महिन्यांनी परत बघा. उंची वाढवण्याची पावडर विकणाऱ्याला मैदानाच्या फाटकाशी उभे राहू देऊ नका.

दुसरे मोजमाप वयाचे आणि कागदाचे. खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गाला ३३. मागच्या खेपेला वय उलटलेल्यांना एकवेळची सवलत मिळाली, म्हणून पुढच्या खेपेलाही मिळेल असे सांगून सत्तावीस वर्षांच्या मुलाला गुंतवून ठेवणे बरोबर नाही. आणि कागद. मैदान मारलेले, लेखी काढलेले पोर नॉन-क्रिमीलेयरच्या तारखेवरून किंवा जातवैधतेवरून अडकलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. तांड्यावरच्या आणि पोडावरच्या घरात जुने कागद सापडणे कठीण असते. त्यासाठी तहसीलच्या चकरा भरती निघाल्यावर सुरू करून भागत नाही. प्रवेशाच्या आठवड्यातच सुरुवात झाली पाहिजे.

तिसरे मोजमाप गुणांचे. मैदान ५०, लेखी १००. मुलांमध्ये १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. मुलींना १६००च्या जागी ८००. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत काढावे आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर टाकावा. मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, शंभर मीटर १४ सेकंदांत काढावे आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर टाकावा. त्याखाली आले की गुण टप्प्याने पडतात. १६०० मीटरला पाच-दहाची रेषा ओलांडली की एका टप्प्यात दोन गुण जातात, म्हणजे लेखीतले दोन प्रश्न.

आपल्या भागातली मुले पळतात. लहानपणापासून शेतात चाललेले पाय आहेत ते. हरतात कुठे? एक गोळ्यात, दुसरे लेखीत. गोळ्याला आपण महिन्यातून दोन दिवस देतो, तेही पळून दमल्यावर. तंत्र शिकवले, मांडीचा आणि कमरेचा जोर हाताला कसा द्यायचा ते दाखवले, तर गोळ्याचे गुण बहुतेकांना वाढवता येतात. धावण्यातले शेवटचे वीस सेकंद मिळवायला त्याहून कितीतरी जास्त घाम लागतो. लेखीत गणित आणि मराठी व्याकरण शाळेतच कच्चे राहिलेले असते. त्याला रात्रीची दोन तासांची गाईड-पाठांतराची बैठक पुरत नाही. मैदानातून लेखीला एका जागेमागे दहा जण बोलावले जातात. त्या दहांत आलेला मुलगा लेखीत घसरला, तर त्याचे मैदान वाया जाते. मैदान आधी की लेखी आधी हा क्रमही सरकारने बदलला आहे : २०१९ला लेखी आधी आली, २०२२ला पुन्हा मैदान आधी झाले. उद्या परत फिरला तरी ज्याची दोन्ही अंगे तयार आहेत तो डगमगणार नाही.

चौथे मोजमाप जिवाचे. २०१४च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार मरण पावले. त्यानंतर अंतर कमी झाले आणि चाचण्यांच्या वेळा बदलल्या. ती मुले कुठल्या ना कुठल्या गावातून निघालेली, कोणीतरी तयार केलेली होती. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. सकाळी साडेसहाला मैदान संपले पाहिजे. रात्री प्रवास, सकाळी उपाशीपोटी धाव, हे भरतीच्या दिवशीचे ठरलेले चित्र आहे. ते मोडायचे असेल तर आदल्या दिवशी मुक्कामी पोहोचवण्याची सोय आपणच करायला हवी. प्रवेशाच्या वेळी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांची हृदयतपासणी करून घ्या. पोडावरच्या आणि तांड्यावरच्या मुलींना फक्त हिमोग्लोबिनचा आकडा दाखवला, तरी धाप का लागते ते कळते. आणि भरतीच्या आठवड्यात कुठून तरी येणाऱ्या इंजेक्शनांची कुजबुज आपल्या कानावर येते. ती ऐकून गप्प बसणारा प्रशिक्षक त्यात सामील आहे, असेच आम्ही मानतो.

आता भिंतीवरच्या बाकी रेघांकडे येऊ. १६८ची रेघ राज्य राखीव दलाची. तिथे पाच किलोमीटरची धाव आहे आणि मैदानच शंभर गुणांचे. ज्याचा दम लांबचा पण शंभर मीटरला पाय जड, त्याची ही वाट आहे. अमरावती, हिंगोली, नागपूर हे गट आपल्याला जवळचे आहेत. १६३ आणि १५० या रेघा वनरक्षकाच्या, पुरुषाच्या आणि महिलेच्या. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला तिथे उंचीत आणखी सूट आहे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलाला वनखात्याची जाहिरात वर्षभराने कोणाच्या तरी मोबाइलवर दिसावी, हे आपल्याला शोभत नाही. मात्र वनरक्षकाला बारावीचे विषय पाहिले जातात, तेही पहिल्याच दिवशी तपासा. याशिवाय कारागृह शिपाई, चालक आणि दहावीवर होणारी केंद्रीय दलांची भरती आहे. गृहरक्षक दलात तीन वर्षे सेवा केलेल्याला पोलीस भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळते. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, पण शिपाई, चालक, राखीव दल, कारागृह ही पदे वेगवेगळी आहेत. कुठल्या घटकात आपल्या प्रवर्गाच्या किती जागा आहेत, हे न बघता 'सगळे मुंबईला भरतात म्हणून' फॉर्म भरला जातो. फॉर्मच्या दिवशी मुलाशेजारी बसून जागांचा तक्ता वाचणे हे प्रशिक्षणच आहे.

शेवटचे मोजमाप पुढच्या तीस वर्षांचे. पोराला आपण 'वर्दी' दाखवतो, नोकरी दाखवत नाही. मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होते. नवरात्रात सगळे यवतमाळ दुर्गोत्सवाच्या रोषणाईत फिरत असते तेव्हा त्याने बंदोबस्तात उभे राहायचे असते. हे सांगून जो टिकतो, तोच घ्यावा. आणि वर जायची वाटही सांगावी. पोलीस नाईक हे पद २०२२मध्ये रद्द झाल्यापासून शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, उपनिरीक्षक अशी शिडी एका पायरीने आखूड झाली आहे. उपनिरीक्षकपदाला लोकसेवा आयोगाची सरळ परीक्षा आणि पदोन्नती या वाटा आहेत. खात्यांतर्गत परीक्षेच्या तिसऱ्या वाटेचे दार सरकारी निर्णयांनी कधी बंद, कधी उघडे राहिले आहे. आयोगाच्या सरळ परीक्षेला बसायचे तर पदवी हवी. बारावीवर शिपाई झालेल्या मुलाने पहिल्याच वर्षी मुक्त विद्यापीठात नाव घातले, तर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याच्या हातात पदवी असते. हे त्याला निवड झाल्याच्या सत्कारातच सांगा, कारण त्यानंतर तो पुन्हा आपल्याकडे येत नाही.

अजून एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू आहेत. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यायचे आहे. म्हणजे उद्याच्या शिपायाला मोबाइल नीट धरता आला पाहिजे, पाहिले ते सरळ मराठीत लिहिता आले पाहिजे. आठवड्यातून एकदा मुलांना मैदानावर घडलेला कुठलाही प्रसंग पंधरा ओळींत लिहायला लावा : कोण होते, किती वाजले, कोणी आधी हात उचलला. लेखीत याचा एक गुण वाढणार नाही. पण प्रशिक्षण केंद्रात पंचनामा शिकताना आणि पुढे ठाण्यात तक्रार ऐकताना हीच सवय कामी येते. झरी-जामणीच्या पोडावरची म्हातारी कोलामीत बोलते, पुसदच्या तांड्यावरची बाई गोरमाटीत. ती भाषा येणारे पोर ठाण्यात असणे याला मोल आहे. आपल्या वर्गात असे एक पोर असेल, तर त्याची भाषा ही कमतरता नसून त्याची पात्रता आहे, हे त्याला सांगणारे आधी आपणच.

वाचकांना विनंती एवढीच. हा अंक हाती पडेल त्या आठवड्यात आपल्या खोलीच्या भिंतीवर पाच रेघा मारा. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान वहीत करा : सकाळची आणि संध्याकाळची उंची, वय कधी संपते, कोणता कागद बाकी आहे, पोलीस नाही तर दुसरे काय. त्या पानाच्या तळाशी मुलाची आणि पालकाची सही घ्या. फीची पावती त्यानंतर फाडा.