कोंबडीच्या खाद्यातून प्रतिजैविके काढली, तर त्यांच्या जागी काय?

‘डॉक्टर, चिकन बंद करायचं का? त्यात अँटिबायोटिक्स असतात म्हणे.’ अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या कल्चर रिपोर्टवर बहुतेक औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ असे छापून आले, की नातेवाईक हा प्रश्न विचारतात. जालना, बीड, परभणीहून छत्रपती संभाजीनगरात उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांत पोल्ट्री चालवणारेही असतात. त्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: ‘औषध बंद केलं तर पक्षी जगवायचे कसे?’ हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत.

खाद्यात औषध का घालत होते?

प्रतिजैविके कोंबड्यांना दोन कारणांनी दिली जातात. पहिले कारण आजारावरील उपचार. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते योग्यच आहे. दुसरे कारण असे, की निरोगी पक्ष्यांनाही रोज थोडे औषध खाद्यातून दिले, तर आतड्यातील जंतू कमी राहतात आणि तेवढ्याच खाद्यात वजन जास्त भरते. ब्रॉयलर पक्षी साधारण चाळीस दिवसांत विक्रीला येतो आणि एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. त्यामुळे या ‘वाढवर्धक’ औषधांचा मोह मोठा होता.

अपाय याच कमी मात्रेत आहे. थोडे औषध अनेक दिवस मिळाले की कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. असे जंतू मांसावरून, कोंबडखतातून, पाण्यातून व माणसांच्या हातांवरून बाहेर पसरतात.

कोलिस्टिनचे उदाहरण पाहा. इतर औषधे निकामी ठरल्यावर गंभीर जंतुसंसर्गात डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी हे एक. मूत्रपिंडाला त्रास देणारे असूनही ते वापरावे लागते, कारण हाताशी दुसरे फारसे काही नसते. हेच औषध कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात वापरले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांना जनावरांतील, मांसावरील आणि रुग्णांतील जंतूंमध्ये एमसीआर-१ हा जनुक सापडला. तो कोलिस्टिनला दाद न देण्याची क्षमता एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचवतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ रोजी अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कुक्कुटपालनात, मत्स्यपालनात आणि पशुखाद्यात वापरण्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. १ एप्रिल २०२५ पासून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे सुधारित नियम लागू झाले; मनाई असलेल्या प्रतिजैविकांची यादी त्यांत वाढवली आहे.

काय काढायचे ते कायद्याने सांगितले. पण करार पद्धतीने पोल्ट्री करणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीच पुरवते. पोत्यात नेमके काय आहे हे त्याला अनेकदा ठाऊक नसते. म्हणून तपासणी शेडपुरती न राहता खाद्य कारखान्यापर्यंत पोहोचायला हवी.

पर्याय कोणते?

उबवणी यंत्रात जन्मलेल्या पिल्लाला आईचा सहवास मिळत नाही. त्यामुळे तिच्या आतड्यातील उपयुक्त जंतूही मिळत नाहीत. आतड्यातील ही मोकळी जागा साल्मोनेलासारखे जंतू पटकावतात. १९७३ मध्ये फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जंतू पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेलापासून त्यांचे संरक्षण झाले. आजच्या प्रोबायोटिकमागे हाच विचार आहे: लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस यांसारखे चांगले जंतू आधीच आत बसवायचे.

यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेले प्रीबायोटिक काही अपायकारक जंतूंना आतड्याला चिकटू देत नाही. फॉर्मिक किंवा ब्युटिरिक यांसारखी सेंद्रिय आम्ले जंतूंची वाढ रोखतात किंवा आतड्याच्या अस्तराला पोषण देतात. विकरे, म्हणजे एन्झाइम, धान्याचा न पचणारा भाग फोडतात. जंतूंना उरलेसुरले अन्न कमी मिळते. ओवा, लसूण, हळद, ओरेगॅनो यांचे अर्कही वापरतात, पण वनस्पती, मात्रा आणि अर्क काढण्याची पद्धत बदलली की परिणाम बदलतो.

आपल्या भागाचा आणखी एक मुद्दा आहे. सिल्लोड, कन्नड परिसरात मका भरपूर होतो आणि मका हाच पक्ष्यांच्या खाद्याचा मुख्य घटक आहे. काढणीच्या वेळी पाऊस झाला किंवा मका ओला साठवला, तर बुरशी येते. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन पक्ष्याची प्रतिकारशक्ती कमी करते. असे खाद्य असेल तर महागडे प्रोबायोटिकही फारसे कामाला येत नाही.

यांपैकी एकही पदार्थ प्रतिजैविकाची हुबेहूब जागा घेत नाही आणि आजारी पक्षी बरा करत नाही. कोरडी गादी, स्वच्छ पाणी, पुरेशी जागा, चाळिशीपार उन्हाळ्यात शेड थंड ठेवणे आणि मानमोडी, गंबोरो यांच्या लसी वेळेवर देणे हा पाया आहे. तो पक्का असेल तर खाद्यपूरके उपयोगी पडतात. डेन्मार्कमध्ये १९९८ मध्ये ब्रॉयलर व्यावसायिकांनी वाढवर्धक प्रतिजैविके थांबवली. खाद्य किंचित जास्त लागू लागले, पण पक्ष्यांची मरतूक वाढली नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून त्यांवर पूर्ण बंदी आणली.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय समजावे?

औषधाचे अंश आणि औषधाला न जुमानणारे जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विक्रीला न काढल्यास अंश सुरक्षित मर्यादेत येतात; शिजवल्याने मात्र ते पूर्ण जातीलच असे नाही. जंतू नीट शिजवल्याने मरतात. पाकिटावर ‘अँटिबायोटिक-फ्री’ लिहिले असले तरी मांस जंतुमुक्त असतेच असे नाही.

दोष फक्त कोंबडीवर ढकलणेही बरोबर नाही. भारतातील रुग्णालयांत आढळणारा कोलिस्टिनचा प्रतिरोध बहुतांशी जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रातील बदलांमुळे असतो आणि रुग्णालयांतील औषधवापर त्याला कारणीभूत ठरतो. पोल्ट्री, दवाखाना आणि औषधाचे दुकान, तिन्ही ठिकाणी वापर आवरावा लागेल.

म्हणून चिकन-अंडी बंद करू नका. क्षयरोग, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ आजारानंतर प्रथिनांची गरज वाढलेली असते. एवढी काळजी घ्या:

- कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात.
- कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नका. हात साबणाने धुवा.
- हाडाजवळचे मांस गुलाबी राहणार नाही इतके शिजवा.
- केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना हाफ-फ्राय किंवा कच्चे अंडे देऊ नका.
- सर्दी-खोकल्यासाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितलेले दिवस घ्या.

घरात पोल्ट्री असेल तर पुढच्या वेळी खाद्याच्या पोत्यावरील घटक वाचा आणि काही कळले नाही तर पशुवैद्यकांना विचारा. शेडमध्ये काम करणाऱ्याला ताप आला किंवा जखम चिघळली, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगा. तपासण्या आणि औषध ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.