शिल्लक कोणाच्या खात्यावर?

अंतराळात साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांत नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो आयव्ययाचा. ऊर्जा, खनिजे, अन्न यांची महिनाअखेरची शिल्लक पाहावी, तूट येऊ देऊ नये, बाकीचे आपोआप साधते, असे अनुभवी खेळाडू त्याला बजावतात. यात राजकारण नाही, हा निव्वळ हिशेब आहे, अशी पुस्तीही वर जोडली जाते. ही पुस्तीच तपासून पाहण्याजोगी आहे.

‘स्टेलारिस’ हा पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा २०१६ सालचा खेळ घ्यावा. डिसेंबर २०१८ मध्ये त्यातील अर्थव्यवस्थेची फेरमांडणी झाली आणि ग्रहांवरील प्रजा सत्ताधारी, तज्ज्ञ व श्रमिक अशा तीन थरांत विभागली गेली. वर्ग ही कालबाह्य कल्पना आहे असे सांगत फिरणाऱ्या पंडितांपेक्षा स्टॉकहोमचे हे कारागीर अधिक प्रामाणिक म्हणायचे! या मांडणीत नवशिका हमखास ठेचकाळतो. तो उत्साहाने इमारती बांधत सुटतो. पण कामाला माणसेच नसतील तर इमारतीतून काही निघत नाही, तिच्या देखभालीचा खर्च मात्र चालूच राहतो आणि तिजोरी आटते. संपत्ती श्रमातून निर्माण होते, एवढे सत्य या यंत्रालाही मान्य करावे लागले आहे.

पुढचा पेच अधिक बिकट. खाणीतले खनिज कारागिरांकडे गेले तर लोकांच्या वापराच्या वस्तू होतात. भट्टीकडे गेले तर युद्धनौकांसाठी मिश्रधातू. खनिज एकच, दावेदार दोन. १९५६ साली सुरू झालेल्या भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांना अग्रक्रम दिला, तेव्हा आधी पोलाद की आधी कापड हा याच जातीचा वाद पेटला होता. त्या वादाला कोणी हिशेब म्हटले नव्हते.

पण खरी मखलाशी आहे ती समाधानाच्या आकड्यात. असंतोष वाढला की ग्रहाचे स्थैर्य घटते, स्थैर्य घटले की उत्पादन घटते. म्हणून तो आकडा सांभाळण्यास नवशिका शिकतो. तो आकडा येतो कसा? माणशी एक मत धरून नव्हे. विषम राहणीमान चालू असेल तर सत्ताधाऱ्याच्या समाधानाचे वजन श्रमिकाच्या कित्येक पट धरले जाते. श्रमिक तळमळत असला तरी आकडा पुष्कळसा समाधानकारक दिसतो, आणि आपला कारभार उत्तम चालला आहे अशा समजुतीत नवशिका नौका बांधत राहतो. दरबारी अहवाल पूर्वीपासून असेच लिहिले जात आले आहेत.

हे अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. समतावादी तत्त्व स्वीकारून सर्व थरांना वस्तूंचा सारखा वाटा देणारे राहणीमान निवडण्याची सोय त्याच खेळात आहे. मात्र भरघोस सारखा वाटा द्यायचा तर वस्तू जास्त लागतात, खनिज तिकडे वळते आणि काही नौका कमी बांधल्या जातात. उपदेशकांना खुपते ते हेच. समतेच्या खर्चाला ते उधळपट्टी म्हणतात, युद्धनौकांच्या खर्चाला दूरदृष्टी.

नवशिक्याने कारभार जरूर शिकावा. पण शिलकेचा आकडा वाचण्याआधी त्याने राहणीमानाचा तो पडदा उघडावा आणि श्रमिकांच्या ओळीपुढे किती वाटा मांडला आहे, ते पाहावे.