समाधानाचा दाखला

परदेशीं नोकरीस गेलेल्या आपल्या लोकांविषयीं बोलतांना अलीकडे 'कार्यसमाधान' हा एक नवा शब्द वारंवार कानांवर येऊं लागला आहे. कोणी तरी पाहणी काढतो, हजार-पांचशें नोकरदारांकडे प्रश्नावली धाडतो, त्यांतले बहुतेक जण 'समाधानी' या चौकटीवर खूण करतात, आणि मग ती टक्केवारी अशा थाटानें छापून येते कीं, जणूं समुद्रापलीकडील लक्षावधि बांधवांच्या सुखदुःखाचा हिशेब एकदांचा चुकता झाला. आंकडे बनावट असतात असें आम्ही म्हणत नाहीं; ज्यानें खूण केली त्यानें ती स्वतःच्या हातानेंच केली असेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याला 'नाहीं' म्हणणें परवडत नाहीं त्याच्या 'होय'ला पुरावा म्हणून फारसें मोल नाहीं. पोलिसांपुढें दिलेली कबुली न्यायालय पुराव्यांत कां धरीत नाहीं, हें आमच्या वाचकांतील वकीलमंडळींना सांगावयास नको.

प्रतिपक्षाचें जें खरें तें प्रथम मान्य करूं. परदेशीं गेलेला मनुष्य केवळ डॉलरांवर भुलून तेथें राहतो, हा आपल्याकडील घरबशा टीकाकारांचा आवडता सिद्धांत आम्हांस मुळींच पटत नाहीं. प्रयोगशाळेंत मागितलेलें उपकरण वेळेवर येतें, वरिष्ठाला त्याच्या नांवानें हांक मारतां येते, आणि तिशींतल्या माणसाचें म्हणणें साठीचा माणूस कागदावर टिपून घेतो, हें सुख लहान नव्हे. ज्यानें आपल्या कचेऱ्यांतून 'फाइल वर गेली आहे' हें वाक्य दहा वर्षें ऐकलें असेल, त्यालाच त्याची गोडी कळेल. तेथील कामांत खरोखर रमलेले कितीतरी लोक आम्ही पाहिले आहेत, व त्यांच्या समाधानावर संशय घेण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाहीं. वाद आहे तो मापाविषयीं.

हें माप आलें अमेरिकेंतूनच. रॉबर्ट हॉपॉक यानें १९३५ सालीं याच विषयावर पुस्तक लिहिलें, व त्यासाठीं पेन्सिल्व्हेनियांतील न्यू होप नांवाच्या लहानशा गांवांतील लोकांना त्यांच्या नोकरीविषयीं प्रश्न विचारले. पुढें १९५९ सालीं फ्रेडरिक हर्झबर्ग व त्याचे सहकारी यांनीं पिट्सबर्गच्या परिसरांतील सुमारें दोनशें इंजिनिअर व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असें प्रतिपादन केलें कीं, पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या जागेची सोय यांच्या योगानें असमाधान दूर होतें, परंतु समाधान उपजत नाहीं. तें उपजतें तें स्वतः कामापासून, त्यांतील यशापासून, जबाबदारीपासून व गुणांचें चीज होण्यापासून. या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले आहेत. ते येथें नकोत. आम्हांस दिसते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या गांवकऱ्यांपैकीं वा हिशेबनिसांपैकीं एखाद्यानें रागाच्या भरांत नोकरी सोडली असती, तर त्याला दुसरी नोकरी शोधावी लागली असती, दुसरा देश नव्हे. ज्या मापांत सोडून जाण्याची मोकळीक गृहीत धरलेली आहे, तें माप ती मोकळीक नसलेल्याला लावणें ही त्या शास्त्राचीच थट्टा आहे. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं दाखवून दिलें कीं, असंतुष्ट मनुष्यापुढें मुख्यतः दोनच वाटा असतात: निघून जाणें किंवा आवाज उठविणें. हा हिर्शमन १९३३ सालीं नाझींच्या जर्मनींतून परागंदा झालेला. निघून जाण्याची किंमत त्याला पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. या दोन वाटा आपल्या माणसाला कितपत मोकळ्या आहेत तें पाहूं.

अमेरिकेंत आपले इंजिनिअर बहुतेक ज्या 'एच-वन-बी' परवान्यावर काम करतात, तो १९९० च्या कायद्यानें निर्माण झाला. त्यासाठीं अर्ज करतो तो मालक, नोकर नव्हे. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमान्वयें फार तर साठ दिवसांची सवड मिळते. तेवढ्या अवधींत दुसरा मालक भेटला नाहीं व दुसरी कांहीं कायदेशीर सोय झाली नाहीं, तर घर, मुलांची शाळा, मोटार, सारें आवरून निघावें लागतें. मालक बदलतां येतो हें खरें. पण नव्या मालकानें नवा अर्ज करावयाचा, आणि कायम वास्तव्याच्या कागदपत्रांचें बरेंचसें जोखड पुन्हा पहिल्यापासून ओढावयाचें. त्या कायम वास्तव्याची कथा याहून करुण आहे. नोकरीच्या आधारें वर्षाला सुमारें एक लक्ष चाळीस हजार जणांस, तेहि बायकामुलें धरून, हा हक्क मिळतो; आणि कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास सामान्यतः त्यांतले शेंकडा सातांहून अधिक जात नाहींत. त्यामुळें भारतांत जन्मलेल्या अर्जदारांची रांग दशकांनीं मोजावी लागते. बापाची पाळी येण्यापूर्वी मूल एकवीस वर्षांचें झालें तर तें बहुधा बापाच्या अर्जांतून गळतें. नवऱ्याच्या परवान्यावर गेलेली बायको डॉक्टर असो कीं इंजिनिअर, २०१५ पर्यंत तिला त्या नात्यानें नोकरीची मुभाच नव्हती. नंतर मिळाली तीहि नवऱ्याचा अर्ज एका ठराविक पायरीवर पोंचला असेल तरच. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांची पट्टी बसविणारा हुकूम निघाला, तेव्हां सुटीवर स्वदेशीं आलेले कित्येक जण तडकाफडकीं विमानतळाकडे धांवले. जुन्या परवानेधारकांस हुकूम लागू नाहीं हा खुलासा मागाहून झाला. अशा मनुष्यास कोणी विचारलें कीं, 'आपण आपल्या कामांत समाधानी आहांत काय?' तर त्यानें काय उत्तर द्यावें? तो नोकरीला प्रमाणपत्र देत नसतो. आपण वीस वर्षें रांगेंत उभे राहिलों तें व्यर्थ नव्हतें, असें स्वतःलाच बजावीत असतो.

आखाताकडे वळलें कीं हे उपचारहि संपतात. कोंकणांतील कितीएक घरें तिकडून येणाऱ्या पैशावर उभीं राहिलीं आहेत, त्यामुळें हा विषय आपल्याला परका नाहीं. तेथील 'कफाला' पद्धतींत नोकराचें वास्तव्य मालकाच्या हातीं बांधलेलें असतें. कतारनें २०२० सालीं मालकाच्या ना-हरकतपत्राची अट काढून टाकली, आणि सौदी अरबस्ताननें २०२१ सालीं नोकरांस मालक बदलण्याची कांहीं मुभा दिली. पण घरकाम करणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज होती त्यांनाच, त्या सौदी सुधारणेंतून वगळलें. कामगारसंघ काढण्याची वा संप करण्याची मुभा सौदी अरबस्तानांत नाहीं, संयुक्त अमिरातींतहि नाहीं. म्हणजे हिर्शमनच्या दोन वाटांपैकीं एक अरुंद आणि दुसरी बंद. त्यांत दलालाचें कर्ज निराळेंच. त्यानें तीस हजारांहून अधिक शुल्क घेऊं नये असा आपल्या सरकारचा नियम आहे. तो कसा पाळला जातो तें खेड आणि चिपळूणकडील मंडळींना विचारावें.

यावर ठरलेलें उत्तर येतें: 'त्यांना कोणी बांधून नेलें नाहीं, दुःखी असते तर परत आले असते.' हें उत्तर फार जुनें आहे. मॉरिशस, नाताळ, फिजी येथें गिरमिटाच्या करारावर आपले मजूर नेले जात, तेव्हांहि हेंच सांगितलें जात असे. नामदार गोखल्यांनीं मार्च १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत ही पद्धति समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. त्यानंतर मॅक्नील व चिमनलाल या दोघांस चौकशीसाठीं वसाहतींत पाठविण्यांत आलें, आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत, एकंदरींत फायदे तोट्यांहून अधिक आहेत, असाच निर्वाळा निघाला. पुढच्याच वर्षीं अँड्र्यूज व पिअर्सन यांनीं फिजींतील मजुरांची दशा जगापुढें मांडली, आणि १९१७ सालीं गिरमिटाची भरती थांबली. आजच्या इंजिनिअरास आम्ही गिरमिट्या म्हणत नाहीं. त्याच्या पगाराची व मजुराच्या मजुरीची तुलना करणें हा शहाणपणा होणार नाहीं. पण 'करार त्यानें स्वतः केला, म्हणून तो सुखी आहे' हें अनुमान त्या काळीं जितकें लंगडें होतें तितकेंच आजहि आहे. गोखल्यांनीं मजूर समाधानी आहेत कीं नाहींत याची मोजदाद करीत वेळ घालविला नाहीं. करारांतून बाहेर पडण्याची मोकळीक आहे काय, हें त्यांनीं पाहिलें.

येथवर दोष मालकांचा व परकी सरकारांचा झाला, आणि तो ऐकतांना आमचे वाचक मान डोलावीत असतील. परंतु दाराला तिसरें कुलूप आहे, व त्याची किल्ली आपल्या कमरेला आहे. गेल्या वर्षीं एका परिचितांच्या घरीं आम्ही रविवारीं सकाळीं बसलों होतों. अमेरिकेंतील चिरंजीवांचा दूरध्वनि आला. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसूं लागला. वडिलांनीं विचारलें, "बरें आहे ना रे सगळें?" मुलगा म्हणाला, "हो बाबा, बरें आहे." लगेच दूरध्वनि आमच्यापुढें धरून गृहस्थ अभिमानानें म्हणाले, "पाहिलेंत? अगदीं मजेंत आहे." चार महिन्यांनीं तोच मुलगा लग्नकार्यानिमित्त आला असतां गच्चीवर आम्हांस म्हणाला, "काका, सात वर्षें एकच काम करतोंय. रोज डोळे मिटून करतां येईल असें. दुसरीकडे बोलावणें आलें होतें, पण कागदांच्या भीतीनें गेलों नाहीं. बाबांना नका सांगूं हं. त्यांनीं सगळ्यांना सांगून ठेवलंय." सगळ्यांना काय सांगून ठेवलें आहे, हें विचारण्याचें कारण नव्हतें. प्रत्येक समारंभांत आपण तेंच ऐकतों, आणि सांगणाऱ्याचा मुलगा आपला असला म्हणजे आपणहि तेंच सांगतों.

आपल्या पांढरपेशा समाजांत परत आलेल्या मनुष्याचें स्वागत कसें होतें? तोंडावर 'बरें झालें, आईबापांजवळ आलास', आणि पाठ फिरतांच 'कांहीं तरी झालें असेल. उगीच कोण परत येतो?' लग्नाच्या बाजारांत त्याचा भाव उतरतो, भाऊबंद त्याच्या नोकरीची गुप्त चौकशी करतात. मग पुढच्या मुलानें पडद्यावर खरें कां सांगावें? सरकारचीहि तीच तऱ्हा. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं घरीं पाठविलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरांच्या पुढें गेली, तेव्हां आपल्याकडे त्याचा केवढा गौरव झाला! तो पैसा पाठविणाऱ्याला साठ दिवसांचा घोर होता कीं नाहीं, हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं. आपल्या घरांतला हप्ता मात्र त्यांतून वेळेवर फिटतो. मग चौकशी करणार कोण?

तेव्हां आमची मागणी साधी आहे. ज्यांना समाधान मोजावयाचें असेल त्यांनीं खुशाल मोजावें. पण त्या टक्केवारीच्या शेजारीं आणखी तीन गोष्टी छापाव्यात. नोकरी सोडली तर त्या देशांत किती दिवस राहतां येतें. वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली तर परवाना कोणाच्या मर्जीवर राहतो. आणि आज परत जावयाचें ठरविलें तर डोक्यावर कर्ज किती. परदेशांतील महाराष्ट्र मंडळें गणेशोत्सव थाटानें करतात, नाटकें बोलावितात, तें उत्तमच आहे. नोकरी गेलेल्या सभासदाला त्या साठ दिवसांत वकील व आसरा मिळवून देणारा निधि जेथें नाहीं तेथें त्यांनीं उभारावा. आणि आमच्या त्या परिचितांस आम्ही सुचविलें कीं, एखाद्या रविवारीं 'बरें आहे ना?' हें सोडून 'हल्लीं काम काय करतोस?' असें विचारून पाहावें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "विचारीन, पण तो काय करतो तें मला तरी कोठें कळतें?" पुढल्या रविवारीं आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलों नाहीं.