आजोबांची विंचेस्टर आणि भाच्याची काळी मार्लिन

दिवाळीपासून आमच्या लष्करातल्या घरात एका बंदुकीवरून वाद चाललाय. त्याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितेय. ग्वाल्हेरकरांना नवल वाटणार नाही. आमच्या भागात लग्नाच्या बोलण्यात "घरी लायसन आहे का" हेही विचारलेलं मी ऐकलंय.

आमच्या आजोबांनी 1946 साली परत जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून विंचेस्टर रायफल घेतली. 1892 चं मॉडेल, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं. चापाच्या भोवती लोखंडी कडं असतं, ते खाली ओढून वर घेतलं की रिकामं काडतूस उडतं आणि नवं आत बसतं. हीच ती लिव्हर अ‍ॅक्शन, इंग्रजी सिनेमातले घोडेस्वार वापरतात ती. आमच्या लहानपणी दसऱ्याला ती पाटावर यायची, हळदकुंकू लागायचं. आजोबा रिकामी लिव्हर एकदा "खट्-खटाक्" करून दाखवायचे आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो.

आता दादा थकलाय आणि लायसन त्याच्या मुलाच्या नावावर करायचं चाललंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. घरात एक बाराबोर आहेच. दादाचा मुलगा म्हणतो, "आत्या, एकतर हिला जमा करून नवी .315 घेऊ, नाहीतर हिलाच मॉडर्न करू. वर दुर्बीण, काळा दस्ता. अमेरिकेत सगळे करतात, मी व्हिडिओ पाहिलेत."

सगळे काय करतात ते मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहून आलेय. ताईचा मुलगा सॅन अँटोनियोला असतो, आता तिकडचाच नागरिक. त्याच्या मित्राचं दक्षिणेला शेत आहे, आणि रानडुकरांनी तिथे नुसता उच्छाद मांडलाय. टेक्सासात जमीनमालकाची परवानगी असली की डुकरं वर्षभर मारता येतात. भाच्याकडे मार्लिनची लिव्हर रायफल आहे, .30-30 ची. पण रूप बघाल तर ओळखणार नाही! लाकूड कुठेच नाही, दस्ता काळ्या प्लास्टिकचा. पुढच्या मुठीला टॉर्च अडकवायच्या खाचा, वर दुर्बिणीसाठी पट्टी, नळीच्या तोंडाला आवाज दाबणारं नळकांडं बसवायला आटे. मी म्हटलं, "अरे, ही तर नऊवारीला चेन लावल्यासारखी दिसतेय." तो म्हणाला, "मावशी, शेतात चल, मग बोल."

गेले. हात मात्र लावला नाही. पर्यटक व्हिसावाल्यांना तिथे बंदुकीचे नियम कडक आहेत, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. पण पाहिलं, आणि पटलं. काटेरी झुडपांत डुक्कर दिसतं ते शंभर पावलांवर. .30-30 चा पल्ला दीडशे-दोनशे यार्डांचा, तिथे तेवढा पुरतो. रायफल अंगाने चपटी, बाजूला मॅगझीन लोंबत नाही, त्यामुळे गाडीतून काढताना किंवा झाडीतून जाताना अडकत नाही. दुसरी गोळी झटक्यात तयार. डावखुऱ्यालाही लिव्हर सारखीच. संध्याकाळच्या उजेडात जुनी माशी दिसत नाही, तिथे दुर्बीण लागतेच. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर निर्बंध आहेत, त्यात ही येत नाही. म्हणून तिकडे पुन्हा मागणी. रुगर कंपनीने 2020 मध्ये मार्लिन विकत घेतली, स्मिथ अँड वेसननेही 2024 मध्ये स्वतःची लिव्हर रायफल काढली, ते उगाच नाही.

तोटेही भाच्यानेच सांगितले. नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, त्यामुळे टोकदार गोळी चालत नाही. बोथट तरी हवी किंवा नवी, मऊ टोकाची. भरायचं एकेक करून. पालथं पडून नेम धरला तर लिव्हर जमिनीला लागते. "मग घेतलीस कशाला?" म्हटलं. तर लाजून म्हणाला, "पणजोबांची आठवते ना." म्हणजे निम्मं काम डुकरांचं, निम्मं दसऱ्याचं.

आता माझं मत. भाच्याची रायफल मला आवडली. जुनी युक्ती, नवं अंग, आणि रोजचं काम. पण ते अंग कारखान्यातच तसं घडवलंय. मार्लिनचं काडतूस बाजूने उडतं, म्हणून डोक्यावर दुर्बीण बसते. आमच्या 1892 चं काडतूस सरळ वर उडतं. तिथे दुर्बीण बसवली तर रिकामं काडतूस तिलाच आपटणार! त्यासाठी सव्वाशे वर्षांच्या पोलादाला भोकं पाडायची? आणि कशासाठी? 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. त्या .44-40 ची काडतुसं आमच्या घरात मी शाळेत असतानाच संपली.

.315 घेऊन तरी हा मुलगा काय करणार, वरातीत हवेत उडवणार? आमच्या भागात त्यापायी माणसं मेलीत. घराच्या राखणीला बाराबोर आहे. उपयोगाचा हिशेब मांडायचा तर उपयोग आधी दाखव, असं मी त्याला स्पष्ट म्हटलं. तो रुसलाय.

वहिनी म्हणतात, सगळ्याच जमा करून मोकळे व्हा. त्यांचंही चूक नाही. निवडणूक आली की बंदूक जमा करायला ठाण्याच्या खेपा त्यांनीच दादाला घालताना पाहिल्यात. दादा काही बोलत नाही. परवा मी गेले तेव्हा मांडीवर विंचेस्टर घेऊन तेलाचा बोळा फिरवत होता. मला म्हणाला, "स्क्रू ढिला झालाय बघ, मोठ्या भिंगाचा चष्मा दे." पुढच्या महिन्यात कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचाय, आणि हत्यारांचा रकाना अजून कोराच आहे.